पाटीआधी नोंदवही : वनस्पती उद्यानाची मांडणी आणि नामफलक

एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या आवारातील झाडांना नावांच्या पाट्या लावायचे ठरले, की पहिला प्रश्न हमखास येतो तो पाट्या कुठून करून घ्यायच्या, हा. खरे तर त्या प्रश्नाची पाळी बरीच उशिरा येते. झाडे मोजणे, त्यांना क्रमांक देणे, ती ओळखणे आणि कोणत्या तत्त्वाने मांडायची ते ठरवणे ही कामे आधी झाली नाहीत, तर सुबक कोरलेल्या पाट्यांवर चुकीची नावे जाऊन बसतात आणि पाटी जितकी टिकाऊ तितकी चूकही टिकाऊ होते. वनस्पती उद्यान साध्या बागेहून वेगळे ठरते ते नोंदींमुळे. बागेतल्या झाडाला सावली दिली, फुले दिली म्हणजे पुरते. वनस्पती उद्यानातले झाड मात्र कुठून आले, कधी आले, कोणी ओळखले आणि आज कोणत्या स्थितीत आहे, हे सांगता आले पाहिजे. पाटी हे त्या नोंदीचे लोकांना दिसणारे टोक. हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या शिक्षकांनी, स्वयंसेवकांनी आणि नव्या कर्मचाऱ्यांनी कोणत्या क्रमाने पुढे जावे, ते खाली दिले आहे.

पहिली पायरी : मोजणी आणि नकाशा

आवाराचा प्रमाणबद्ध नकाशा मिळवावा, त्यावर १० मीटरच्या चौकटी आखाव्यात आणि प्रत्येक चौकटीला एक अक्षर व एक आकडा द्यावा. वाफ्यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत. मोठ्या झाडांची जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवण्याचा मोह होतो, पण त्यात काही मीटरची चूक असते आणि दाट पर्णसंभाराखाली ती आणखी वाढते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांच्या बाबतीत एवढी चूक म्हणजे अदलाबदलच. त्यापेक्षा इमारतीचा कोपरा आणि विहिरीचा कठडा अशा दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतरे मोजून नकाशावर बिंदू ठरवणे जुने असले तरी भरवशाचे आहे. या फेरीत झाड ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. केवळ जागा, बुंध्याचा घेर, साधारण उंची आणि जुनी पाटी असल्यास तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, उतरवून घ्यावा.

दुसरी पायरी : क्रमांक आणि बिल्ला

प्रत्येक वनस्पतीला क्रमांक देणे हा साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. रूढ पद्धतीत आधी वर्ष आणि मग त्या वर्षीचा अनुक्रम लिहितात, उदाहरणार्थ २०२४-०१३७. हा क्रमांक एका आवकेचा असतो. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एकाच जातीचे जे काही आले ते सर्व मिळून एक आवक. एकाच झाडाच्या बियांपासून वाढवलेली बारा रोपे बागेत बारा ठिकाणी लावली, तरी क्रमांक एकच राहतो आणि प्रत्येक रोपाला मागे अ, आ, इ अशी अक्षरे जोडली जातात. तीच जात पुढच्या वर्षी दुसरीकडून आली की तिला नवा क्रमांक मिळतो. जुन्या झाडांच्या आगमनाचे वर्ष माहीत नसेल, तर नोंद ज्या वर्षी झाली ते वर्ष घालावे आणि तसे वहीत स्पष्ट लिहावे.

नवखी मंडळी येथे एक चूक हौसेने करतात : क्रमांकातच कुळाचे संक्षिप्त रूप, वाफ्याचा क्रमांक आणि उपयोगाची खूण गुंफतात. दिसायला ते शास्त्रशुद्ध वाटते, परंतु झाड दुसऱ्या वाफ्यात हलले किंवा त्याचे कुळ बदलले की क्रमांक खोटा ठरतो. क्रमांकाला अर्थ नसणे हाच त्याचा गुण आहे. अर्थ वहीत असावा.

वहीत क्रमांकापुढे नाव, आवकेचा दिनांक, कोणाकडून व कोणत्या रूपात आले (बी, छाटकलम, रोप), नकाशावरील जागा आणि उगमाचा प्रकार ही माहिती हवी. उगमासाठी जगभरची वनस्पती उद्याने एकेका रोमन अक्षराच्या चार खुणा वापरतात. १९८७ साली उद्यानांमध्ये नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी जो सामाईक नमुना तयार झाला, त्यातही याच खुणा आहेत. डब्ल्यू म्हणजे थेट नैसर्गिक अधिवासातून आणलेले, झेड म्हणजे तशा मूळ नमुन्यापासून लागवडीत वाढवलेले, जी म्हणजे बागेतून किंवा रोपवाटिकेतून आलेले, आणि यू म्हणजे उगम अज्ञात. हा कागदी सोपस्कार नव्हे. जंगलातील ठरावीक टेकडीवरच्या झाडाचे बी आणि रोपवाटिकेतले, आईबाप ठाऊक नसलेले रोप दिसायला सारखेच असले, तरी पुढे ती जात मूळ जागी परत लावायची वेळ आली, तर पहिल्याचाच उपयोग होतो. ही माहिती आवक होते त्या दिवशीच मिळते; दोन वर्षांनी विचारायला गेलात, तर कोणालाही आठवत नाही.

क्रमांक झाडावर राहावा म्हणून ठसे उमटवलेला लहान ॲल्युमिनियमचा बिल्ला वापरतात. शाई उडते, ठसा राहतो. बिल्ला प्रेक्षकांसाठी नसल्यामुळे तो मागच्या बाजूस, जमिनीलगतच्या फांदीला सैल अडकवावा. सैल हा शब्द येथे महत्त्वाचा. आमच्या पहिल्या मोजणीत एका झाडाला कोणीतरी फार पूर्वी बांधलेली तार बुंध्यात इतकी रुतलेली सापडली, की तिच्यावर साल मिटून गेली होती आणि वरचा भाग खालच्यापेक्षा जाड झाला होता. पानांत तयार झालेले अन्न सालीलगतच्या थरातून खाली मुळांकडे जाते आणि तार नेमका तोच रस्ता आवळते. म्हणून तार बुंध्याभोवती कधीही गुंडाळू नये. फांदीला अडकवतानाही चार बोटे आत जातील एवढे मोठे वेटोळे ठेवावे.

तिसरी पायरी : ओळख पटवणे

या पायरीला पूर्ण एक वर्ष द्यावे लागते, कारण फूल आणि फळ पाहिल्याशिवाय अनेक वनस्पतींची ओळख पक्की होत नाही, आणि प्रत्येक झाड आपल्या सवडीने फुलते. जुन्या पाट्यांवर विश्वास ठेवू नये. अशोक या एका नावाचा घोळ घेतला, तरी कारण कळेल. रस्त्याच्या कडेने उंच, निमुळते वाढणारे, पन्हळीसारख्या नागमोडी कडांच्या लांब पानांचे जे झाड बहुतेक जण अशोक म्हणून दाखवतात, ते मोनून लाँगिफोलियम, म्हणजे पूर्वीचे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. त्याचे कुळ सीताफळाचे, पाने साधी, फुले हिरवट आणि लक्षात न येणारी. खरा अशोक सराका असोका. तो शिंबावंत, म्हणजे शेंगांच्या, कुळातला. पाने संयुक्त, आणि खोडावर, फांद्यांवर येणारे केशरी-तांबडे घोस. गंमत अशी, की त्या फुलांना पाकळ्याच नसतात; रंग दिसतो तो निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याचा. या दोन झाडांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी एकाच नावाच्या पाट्या दोघांवर दिसतात. हाती फुलोरा आला की दोन मिनिटांत निकाल लागतो. तो येईपर्यंत थांबण्याची तयारी मात्र हवी.

ओळख पटली की फुलाफळासह फांदीचा तुकडा दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून ठेवावा आणि त्यावर झाडाचाच क्रमांक घालावा. उद्या झाड पडले किंवा नावाबद्दल वाद निघाला, तर हा शुष्क नमुना साक्षीदार ठरतो. वहीत ओळखणाऱ्याचे नाव व दिनांक लिहावा. प्रजाती (जीनस) निश्चित आहे पण जाती (स्पीशीज) नाही, अशी स्थिती असेल, तर पाटीवर केवळ प्रजातीचे नाव लिहिण्यात कमीपणा मानू नये. अंदाजाने लिहिलेले पूर्ण नाव विद्यार्थ्याच्या वहीत जाते, तिथून परीक्षेच्या उत्तरात जाते आणि मग ते निपटून काढणे कोणाच्याही हातात राहत नाही.

नावे पडताळण्यासाठी ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ किंवा ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ या संकेतस्थळांपैकी एक आधार निवडावा आणि सर्व पाट्यांसाठी तोच पाळावा. दोन आधारांत मतभेद असतात. अर्धी बाग एकाप्रमाणे आणि अर्धी दुसऱ्याप्रमाणे ठेवली, तर एकाच कुळातील शेजारणी वेगवेगळ्या आडनावांनी वावरू लागतात.

चौथी पायरी : मांडणीचे तत्त्व

वनस्पतीच्या शेजारी कोणती वनस्पती लावली आहे, हेच उद्यानाचे पहिले विधान असते, आणि ते पाटीवरचा एकही शब्द न वाचता कळते. हे विधान काळाप्रमाणे बदलत गेले आहे. इटलीतील पादुआ येथील उद्यान १५४५ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून उभे राहिले आणि आजही ते त्याच जागी आहे; तेथे प्रश्न उपयोगाचा होता. स्वीडनमधील उप्साला येथे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७४०च्या दशकात उद्यानाची नव्याने मांडणी केली. त्याने पुंकेसरांची संख्या व रचना पाहून वनस्पतींचे २४ वर्ग केले होते आणि वाफेही त्याच हिशेबाने लावले. मोजता येणाऱ्या कोणालाही ही पद्धत वापरता येत असे. मात्र पुंकेसरांची संख्या जुळली म्हणून नाते जुळतेच असे नाही. पॅरिसच्या राजोद्यानात १७७४ साली आंत्वान लॉरां द जुस्यू यांनी अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून, नैसर्गिक कुळांप्रमाणे वाफे लावले. पुढे बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांची १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेली वर्गीकरण पद्धत कित्येक उद्यानांनी आणि शुष्क नमुनासंग्रहांनी स्वीकारली. १९९८पासून डीएनएच्या अभ्यासावर आधारलेली, एपीजी या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली, तिची चौथी आवृत्ती २०१६ची आहे. लंडनजवळच्या क्यू उद्यानाने तर कुळांप्रमाणे लावलेले आपले जुने वाफे मोडून, २०१९ साली उत्क्रांतीच्या क्रमाने नवी बाग उघडली.

इतका इतिहास नवख्या माणसाला कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर कमळाच्या वाफ्यात सापडते. कमळ आणि कुमुद दोन्ही पाण्यात वाढतात, दोघांची पाने गोल, फुले मोठी आणि बहुपाकळ्यांची. म्हणून पिढ्यान्पिढ्या ती एकाच कुळात, एकाच टाक्यात ठेवली गेली. आता कळले आहे, की कुमुद फुलझाडांच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी एका शाखेवर बसते, तर कमळाचा सर्वांत जवळचा आप्त पाण्यात नसून जमिनीवर, चिनार वृक्षाच्या रूपाने उभा आहे. नात्याप्रमाणे मांडणी करायची, तर कमळाचे टाके चिनाराशेजारी हवे; राहणीप्रमाणे करायची, तर कुमुदाशेजारी. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, मात्र त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे उद्यानाने ठरवून फलकावर सांगितले पाहिजे, नाही तर पाहणारा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावून मोकळा होतो.

प्रत्यक्षात निवड बहुधा चार-पाच प्रकारांतून करावी लागते. कुळवार मांडणी अभ्यासाला उत्तम, पण सांभाळायला कठीण, कारण एकाच कुळात उन्हातले, सावलीतले, दलदलीतले आणि खडकावरचे असे सगळे सदस्य असतात आणि वाफा एकच. म्हणून कुळवार वाफ्यात गैरहजेरी कायमची असते, आणि हंगामी वनस्पती संपल्या की वाफा उघडा पडतो. भौगोलिक मांडणीत जगाचे प्रदेश शेजारी शेजारी येतात; बर्लिनच्या डाहलेम भागातील, अडॉल्फ एंग्लर यांच्या काळात उभारलेले उद्यान हे तिचे नावाजलेले उदाहरण. अधिवासानुसार मांडणी केली, की पाणथळ, रखरखीत, खडकाळ असे कोपरे करता येतात आणि वनस्पतीही खूश असतात. उपयोगानुसार केलेली मांडणी, म्हणजे औषधी, धाग्यांची, रंगांची वगैरे, सामान्य प्रेक्षकाला सर्वांत लवकर कळते. मात्र तिच्यातून नाती कळत नाहीत.

माझे स्वतःचे मत तुलनेच्या वाफ्याकडे झुकते. नवीन उद्यानाने एवढा एक वाफा तरी करावाच. अमेरिका खंडातले निवडुंग आणि आफ्रिकेतल्या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या शेराच्या जाती, अर्थात युफोर्बिया, शेजारी शेजारी लावाव्यात. दोघांची खोडे मांसल, कंगोरेदार, हिरवी आणि काटेरी. प्रेक्षक दोघांनाही निवडुंगच म्हणणार. मग जवळून पाहायला सांगावे : निवडुंगाचे काटे लव असलेल्या छोट्या गादीतून झुबक्याने निघतात, तशी गादी युफोर्बियाला नसते आणि तिचे काटे पुष्कळदा जोडीने येतात. युफोर्बियाला जखम झाली की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असल्यामुळे ते दाखवण्याचे काम हातमोजे घातलेल्या माणसानेच करावे, मुलांच्या हाती देऊ नये. निवडुंगाचे सारे कुळ मूळचे अमेरिकेतले, अपवाद ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेराचा, जी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या आढळते. दोन वेगळ्या कुळांनी दोन वेगळ्या खंडांत कोरड्या हवेला दिलेले एकसारखे उत्तर चार चौरस मीटरच्या वाफ्यात दाखवता येते, आणि असे दाखवणे हेच उद्यानाचे खरे काम आहे.

मोठी झाडे हलवता येत नाहीत, ही अडचण सर्वांनाच असते. झाडे जिथे आहेत तिथेच ठेवावीत आणि त्यांना जोडणारी वाट आखावी. एकाच कुळातील झाडांच्या पाट्यांच्या कोपऱ्यात एकच खूण द्यावी, म्हणजे विखुरलेले कुटुंब नकाशावर एकत्र येते.

पाचवी पायरी : पाटीवर काय लिहावे

पळसाच्या पाटीचे उदाहरण घेऊन एकेक ओळ पाहू.

पळस
ब्युटिया मोनोस्पर्मा (लॅम.) टॉब.
कुळ : फॅबेसी
दक्षिण व आग्नेय आशिया
२०२४-०१३७

पहिली ओळ स्थानिक नावाची. शास्त्रीय नाव वर घ्यावे, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि संशोधनासाठीच्या उद्यानात ते योग्यही आहे. परंतु जेथे शिकणारे येतात, तेथे ओळखीच्या नावाने सुरुवात केली तर माणूस पुढची ओळ वाचतो. दुसऱ्या ओळीतील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दोन शब्दांची ही पद्धत लिनियसने १७५३ साली सर्व ज्ञात वनस्पतींना लावली, आणि वनस्पतींच्या अधिकृत नावांची गणना तेव्हापासूनच धरतात. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते, ते झाडाखाली पडलेल्या शेंगेत पाहता येते. कंसातील ‘लॅम.’ म्हणजे लामार्क, ज्याने ही जात आधी पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून तिचे नामकरण केले, कंसाबाहेरील ‘टॉब.’ म्हणजे टाउबर्ट, ज्याने ती ब्युटियात आणली. कंस म्हणजे घर बदलल्याची खूण. पाटी लहान असेल, तर नामकर्त्यांची नावे गाळली तरी चालतात, वहीत मात्र ती हवीतच. तिसऱ्या ओळीतील कुळांची नावे सहसा ‘एसी’ या प्रत्ययाने संपतात, त्यावरून ती ओळखता येतात. चौथ्या ओळीत मूळ प्रदेश असतो. झाड आणले कुठून, ही वेगळी गोष्ट वहीत जाते. शेवटचा क्रमांक लहान अक्षरांत, पण असलाच पाहिजे. त्याच्यावाचून पाटी आणि नोंद यांची ताटातूट होते.

शास्त्रीय नाव जगभर रोमन लिपीत, तिरक्या ठशात लिहिले जाते, तेव्हा तेही पाटीवर असावे. देवनागरीतील उच्चार त्याखाली दिला, तर वाचणाऱ्याची जीभ अडखळत नाही. लागवडीतील वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हात आणि सरळ ठशात लिहितात, आणि संकराच्या नावात गुणाकाराची खूण घालतात. ही चिन्हे सजावटीची नाहीत, म्हणून पाटी कोरणाऱ्याला लेखी मजकूर द्यावा आणि कच्चा नमुना अक्षर न् अक्षर तपासल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये.

नावे बदलतात, याचा नवख्या माणसाला त्रास होतो. बाभळीचे नाव अकेशिया निलोटिका असे कित्येक पिढ्या शिकल्या. २००५च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील मोठ्या गटाकडे ठेवण्याचा निर्णय झाला, तो २०११ साली कायम राहिला, आणि बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कटेचू. साग पूर्वी व्हर्बिनेसी कुळात होता, आता तो तुळशीच्या लॅमिएसी कुळात आहे. अशा वेळी नवे नाव मुख्य ठेवून ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुने नाव लहान अक्षरांत द्यावे, कारण वाचणाऱ्याच्या हातातले पुस्तक बहुधा जुन्या नावाचे असते. कुठलाही बदल झाला की लगेच पाट्या बदलण्याची घाई मात्र करू नये. वहीत तत्काळ, पाटीवर वर्षातून एकदा, हा नियम सोयीचा पडतो.

सहावी पायरी : साहित्य, अक्षर आणि जागा

लॅमिनेशन केलेला कागद एक पावसाळाही काढत नाही. दोन रंगांचे थर असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर यंत्राने कोरले, की वरचा थर निघून खालच्या रंगाचे अक्षर दिसते. अशी पाटी उन्हात बरीच वर्षे टिकते. धातूवर कोरलेली त्याहून टिकते, पण चकाकणारा पृष्ठभाग वाचता येत नाही, म्हणून तो मंद असावा. छपाईची पाटी असेल, तर लाल अक्षरे टाळावीत, ती उन्हाने लवकर उडतात. रोपवाटिकेतील तात्पुरत्या पट्ट्यांवर मऊ शिशाची पेन्सिल बहुतेक मार्करपेक्षा जास्त टिकते.

अक्षराच्या उंचीसाठी माझा ठोकताळा असा, की वाचण्याच्या प्रत्येक मीटर अंतराला निदान ५ मिलिमीटर. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर यामुळे जागा दाटते, तेव्हा त्यात एक-दोन मिलिमीटरची भर घालावी आणि ओळींमधले अंतरही सढळ ठेवावे.

झाडावर पाटी लावायची, तर गंज न चढणारे लांब स्क्रू वापरावेत, स्क्रूच्या डोक्याखाली स्प्रिंग घालावी आणि पाटीमागे बोटभर जागा ठेवावी, म्हणजे बुंधा जाड होईल तशी स्प्रिंग दबत जाते. दर वर्षी स्क्रू थोडा मागे घ्यावा लागतो, नाही तर झाड पाटी गिळू लागते. झाड वाढले की पाटीही वर जाईल, ही भीती निराधार आहे. खोड उंचीला वाढते ते शेंड्याशी, बुंध्यावरचा खिळा आहे त्याच उंचीवर राहतो. माड, सुपारी आणि इतर ताडवर्गीय झाडांना मात्र कधीही खिळा मारू नये. त्यांच्या खोडात नवे लाकूड तयार करणारा थर नसल्यामुळे जखम भरून येत नाही. तेथे जमिनीत खुंटी रोवून पाटी लावावी.

वाफ्यातील पाट्यांबाबत एकच नियम पुरे, पण तो कधीही मोडू नये : पाटी नेहमी वनस्पतीच्या त्याच बाजूस, उदाहरणार्थ समोर डावीकडे असावी. एका ठिकाणी ती उजवीकडे गेली, की पुढच्या सगळ्या नावांची सरमिसळ होते.

सातवी पायरी : शिकवणारा फलक

नामफलक नाव सांगतो; माहितीफलकाने पाहायला लावावे. बहुतेक फलकांवर ‘हा पानझडी वृक्ष असून त्याची उंची अमुक मीटरपर्यंत वाढते व त्याचे अनेक उपयोग आहेत’ अशा धर्तीचा मजकूर असतो. तो पुस्तकात शोभतो. समोर झाड उभे असताना त्याची उंची सांगून काय मिळाले? त्याऐवजी पळसाखालचा फलक असा लिहिता येईल : ‘पळसाला पाने तीनच, असे म्हणतात. देठाच्या तळाशी, फांदीला जिथे तो जुळतो तिथे, कोंब शोधा. आता तिन्ही पात्यांच्या तळाशी शोधा. कोंब देठाच्या बगलेतच असतो, पात्यांच्या बगलेत नाही. मग ही तीन पाने, की तीन पात्यांचे एक पान?’ वाचणारा खाली वाकतो, फांदी हातात घेतो, आणि संयुक्त पान म्हणजे काय, हे व्याख्येवाचून समजून घेतो. हीच परीक्षा त्याला पुढे शेवग्यावर, चिंचेवर, कडुनिंबावर स्वतः करता येते.

फलकाचा मजकूर पन्नास-साठ शब्दांपुढे जाऊ नये, एका फलकावर एकच गोष्ट असावी आणि जे सांगितले ते उभे राहिल्या जागेवरून दिसावे. जे वर्षातून पंधरा दिवसच दिसते, ते कायमच्या फलकावर न घालता प्रवेशद्वाराजवळच्या बदलत्या फळ्यावर लिहावे. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यालाही वाचता येईल इतकी उंची व कल असावा, आणि स्पर्शाने वा वासाने ओळखता येणाऱ्या वनस्पतींजवळ ब्रेलची पट्टी असावी. क्यूआर संकेत जोडीला द्यायला हरकत नाही, मात्र नाव आणि कुळ कळण्यासाठी फोन काढावा लागू नये.

फलक कायमचा करण्यापूर्वी मजकूर साध्या कागदावर छापून आठवडाभर लावावा आणि दूर बसून माणसांकडे पाहावे. वाचून झाल्यावर नजर झाडाकडे गेली तर फलक जमला. दुसऱ्या फलकाकडे गेली तर मजकूर परत लिहावा.

आठवी पायरी : वार्षिक पडताळणी

वर्षातून एकदा वही घेऊन प्रत्येक क्रमांकासमोर जाऊन उभे राहावे लागते. वनस्पती आहे की नाही, जिवंत आहे की नाही, बिल्ला आणि पाटी जागेवर आहेत की नाहीत, हे तपासावे. निंदणी करताना पाट्या उपटून एका बाजूला ठेवल्या जातात आणि संध्याकाळी अंदाजाने परत रोवल्या जातात. बिल्ला नसेल, तर अशा एका दुपारी सगळ्या मोजणीचे मागचे पाढे पंचावन्न होतात. म्हणून माळीकामाला येणाऱ्या प्रत्येकाला ही व्यवस्था पहिल्याच दिवशी समजावून सांगावी, आणि पाटी हलवावीच लागली, तर वाफ्याचे छायाचित्र आधी घ्यावे.

आपोआप उगवलेल्या रोपांकडेही लक्ष हवे. क्रमांक असलेले हंगामी झुडूप मरून जाते, त्याच्या जागी त्याच्या किंवा शेजारच्या बियांतून नवे उगवते आणि पाटी मात्र तीच राहते. हे रोप कागदोपत्री जुने असले, तरी प्रत्यक्षात कोणाचे आहे ते सांगता येत नाही. त्याला ठेवायचे असेल, तर नवा क्रमांक द्यावा आणि उगमाच्या रकान्यात तसे लिहावे.

झाड मेले तर पाटी त्याच दिवशी काढावी. वहीतली नोंद मात्र खोडू नये. तिच्यापुढे दिनांक आणि कारण लिहावे, वाळवी, वादळ, पाण्याचा निचरा, जे असेल ते, आणि कारण कळले नसेल तर ‘कारण अज्ञात’. तीच जात त्याच खड्ड्यात पुन्हा लावली, तरी तो क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. काढलेला बिल्ला वहीत त्या नोंदीच्या पानाला टाचून ठेवावा.